खाज की वास? गरोदरपणात परत परत होणारा ‘तोच’ त्रास

‘अंगावरून पांढरं जातंय’ या एका वाक्यात आपल्याकडच्या बायका दोन-तीन वेगवेगळ्या तक्रारी सांगून टाकतात. सासू म्हणते उष्णता झाली, धण्या-जिऱ्याचं पाणी पी. मेडिकलवाला गोळ्यांचं पाकीट पुढे करतो. थोडे दिवस बरं वाटतं आणि पुन्हा सुरू. मग ‘माझं ते जातच नाही’ अशी समजूत पक्की होते. पण आधी जे झालं होतं तेच पुन्हा झालंय, हे कोणी तपासलेलं असतं का? बहुतेक वेळा नाही.

पातळ, दुधाळ, खाज नाही, घाण वास नाही असं पाणी गरोदरपणात वाढतंच. तो आजार नव्हे, त्याला औषध नको. घोळ होतो तो बुरशीचा संसर्ग (कँडिडा) आणि बॅक्टेरियल व्हजायनोसिस (डॉक्टरांच्या बोलण्यातलं ‘बीव्ही’) या दोघांत.

बुरशीची खूण म्हणजे खाज. रात्री झोप लागू नये इतकी. सूज, लघवी करताना चरचर, आणि फुटलेल्या दह्यासारखं घट्ट पांढरं. वास जवळजवळ नसतोच. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढतं, त्यामुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन (साखरेचाच साठा) साठतं आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. रक्तातली साखर वाढलेली असेल तर विचारूच नका. म्हणून बुरशी परत परत होत असेल तर साखरेची तपासणी झाली आहे का, ते आधी बघा: 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात, आकडा 140 किंवा जास्त आला तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. त्यात आपला पाऊस. भातलावणीत दिवसभर भिजलेले कपडे तसेच अंगावर राहिले की खाज आणखी चेवते. आषाढात दोरीवरचे आतले कपडे वाळतच नाहीत, त्यांवर निदान इस्त्री तरी फिरवावी.

बीव्हीची खूण म्हणजे वास, आणि तो मासळीचा. ही नुसती उपमा नाही. शिळ्या बांगड्याला ज्या ट्रायमिथाइलअमाइनमुळे वास येतो, तेच रसायन इथेही असतं. योनीतले लॅक्टोबॅसिलस हे चांगले जंतू आम्ल तयार करून बाकीच्यांना आवरून धरतात. ते कमी झाले की दुसरे जंतू माजतात आणि हा वास सुटतो. मासळीला आपण कोकमाचं आगळ चोळतो ते याचसाठी: आम्लात तो वास बांधला जातो, अल्कलीत मोकळा होतो. वीर्य अल्कलीकडे झुकणारं, म्हणून संबंधानंतर वास जास्त जाणवतो. स्राव पातळ, करडा-पांढरा असतो आणि खाज नसते किंवा अगदी थोडी. (आगळ, लिंबू, दही, तुरटीचं पाणी यातलं काहीही आत लावायचं नाही. आतून धुतल्याने उरलेसुरले चांगले जंतूही जातात. बाहेरून साधं पाणी पुरे.)

डॉक्टरही हेच रसायन वापरतात. स्राव कागदाच्या पट्टीवर लावून पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) बघतात. बुरशीत तो सहसा नेहमीसारखाच, 4.5 च्या आत राहतो, बीव्हीत वर जातो. काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की बीव्हीचा वास भपकन येतो. सूक्ष्मदर्शकाखाली जंतूंनी माखलेल्या पेशी दिसतात. पाच-दहा मिनिटांचं काम, बाळाला धक्का नाही. लाज वाटली तरी ‘तपासून सांगा’ असं म्हणायचंच.

कारण औषधं वेगळी आहेत. बुरशीला क्लोट्रिमाझोलची योनीत ठेवायची गोळी, सहसा सात रात्री. खाज दोन-तीन दिवसांत थांबते आणि बायका तिथेच सोडून देतात. दुसरी गंमत म्हणजे ती गोळी विरघळून सकाळी पांढरा चोथा बाहेर येतो आणि वाटतं, परत सुरू झालं! बीव्हीला मेट्रोनिडाझोल किंवा क्लिंडामायसिन, डॉक्टर सांगतील तितके दिवस. आणि खरी मेख इथेच आहे: बीव्हीसाठी किंवा लघवीच्या संसर्गासाठी अँटिबायोटिक घेतलं की त्यामागून बुरशी डोकं वर काढू शकते. म्हणजे वास गेला आणि खाज आली. त्यावर पुन्हा जुनीच चिठ्ठी दाखवून जुनंच औषध आणलं, की चक्र चालू.

किट म्हणजे गोळ्यांचं तयार पाकीट, त्याबद्दल तर स्पष्टच सांगते. सरकारी दवाखान्यातल्या हिरव्या किटमध्ये फ्लुकोनाझोल ही बुरशीवरची गोळी असते, दुकानातल्या कॉम्बी किटमध्येही असते. गरोदरपणात ती पोटातून घेणं टाळतात. जावेला बरं वाटलं म्हणून तिची गोळी घेऊ नये.

‘नवरा मुंबईला, मग हे आलं कुठून?’ हा प्रश्न कोकणात ठरलेला. बुरशी हा गुप्तरोग धरला जात नाही. बीव्हीचा संबंधाशी धागा आहे, पण बीव्ही झाली म्हणजे कोणी बाहेर गेलं असा अर्थ होत नाही. हिरवट-पिवळं, फेसाळ जात असेल तर मात्र ट्रायकोमोनास हा तिसराच जंतू असू शकतो. तो संबंधातूनच पसरतो आणि नवऱ्यालाही औषध लागतं.

बाळाच्या दृष्टीने बीव्हीकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, तिचा वेळेआधी प्रसूतीशी संबंध आढळला आहे. बुरशी आईला छळते, बाळाला सहसा धोका करत नाही.

बाळंतपणाला माहेरी जाताना डॉक्टर बदलतो आणि आधीचं सगळं पुसलं जातं. माता-बाल संरक्षण कार्डासोबत जुन्या चिठ्ठ्या ठेवा: कधी, कोणता संसर्ग, कोणतं औषध. आणि पाण्यासारखं एकदम गळायला लागलं, रक्त दिसलं, ताप आला किंवा पोट राहून राहून कडक व्हायला लागलं, तर खाज की वास याचा विचार सोडून गाडी काढायची आणि थेट प्रसूतीची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं.