वृक्कविकार व वार्धक्यातील प्रथिनाहार

जीर्ण वृक्कविकार (मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार) असलेल्या वृद्धांनी रोज किती प्रथिने घ्यावीत, यासंबंधीचा आहारविचार. वृक्कावरील भार हलका व्हावा म्हणून प्रथिने आटोक्यात ठेवणे आणि स्नायू झिजू नयेत म्हणून ती पुरेशी देणे, अशा दोन परस्परविरोधी गरजा येथे एकाच रुग्णात असतात. मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे रोज किती ग्रॅम, अशी सांगतात.

प्रथिनमर्यादेची कल्पना नेमकी कोणाची, यावर एकमत नाही. इंग्रज वैद्य लायोनेल बील यांच्या १८६९ मधील लेखनाचा उल्लेख बहुधा प्रथम केला जातो. काही जण फ्रान्झ फोलहार्ट यांच्या १९१८ च्या सुमाराच्या कामापासून सुरुवात धरतात. यूरिया (प्रथिनांच्या विघटनातून बनणारे टाकाऊ द्रव्य) बाहेर टाकण्याचे श्रम कमी केले तर वृक्काला विश्रांती मिळते, हा युक्तिवाद सुसूत्रपणे मांडण्याचे श्रेय मात्र टॉमस ॲडिस (१९४८) यांना देणे अधिक युक्त वाटते. इटलीत जोर्दानो (१९६३) तसेच जोव्हानेत्ती व माज्जोरे (१९६४) यांनी दिलेल्या अत्यल्प प्रथिनाहाराचा हेतू निराळा होता. अपोहन (डायालिसिस) दुर्मिळ असताना मळमळ, उलट्या यांसारखी यूरियाविषारतेची लक्षणे शमवणे, एवढाच तो होता. उरलेल्या गाळणीगुच्छांवर (वृक्कात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म केशवाहिन्यांच्या जुडग्यांवर) वाढलेला दाब त्यांनाच निकामी करतो, हे ब्रेनर व सहकाऱ्यांचे गृहीतक १९८२ मध्ये पुढे आले आणि आजार लांबवण्याचा हेतू पुन्हा अग्रभागी आला. हे दोन हेतू नंतरच्या लेखनात अनेकदा एकत्र मिसळलेले आढळतात.

या गृहीतकाची मोठी कसोटी अमेरिकेत ८४० रुग्णांवर झाली (निष्कर्ष १९९४). मध्यम आजाराच्या गटात १.३ व ०.५८ ग्रॅम या मात्रांची तुलना केली असता, कमी प्रथिने घेणाऱ्यांचा गाळणदर (वृक्क दर मिनिटाला किती रक्तद्रव गाळतात ते माप) पहिल्या चार महिन्यांत अधिक वेगाने आणि त्यानंतर सावकाश घटला. एकूण फरक निर्णायक ठरला नाही. सत्तरीपुढील व्यक्तींना या अभ्यासात प्रवेश नव्हता, त्यामुळे त्यातील आकडे अतिवृद्धांना जसेच्या तसे लावणे धाडसाचे आहे. इटलीतील २००७ च्या एका अभ्यासात मात्र मधुमेह नसलेले, सत्तरीपुढचे ११२ रुग्णच निवडले होते. त्यांत कीटो-अनुरूपांसह (शरीरात ॲमिनो आम्लांत रूपांतरित होणाऱ्या नायट्रोजनविरहित पूरकांसह) ०.३ ग्रॅम प्रथिने घेणाऱ्यांचे वर्षभरातील जीवितप्रमाण अपोहनावरील रुग्णांपेक्षा कमी नव्हते. ऊर्जा भरपूर (दर किलोमागे रोज ३५ किलोकॅलरी) दिली होती, ही अट सहसा विसरली जाते.

वार्धक्यातील स्नायुक्षयाला सार्कोपेनिया हे नाव आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये दिले. वृक्कविकारात तो वेग घेतो. रक्तातील आम्लता स्नायुप्रथिनांचे विघटन वाढवते; इन्सुलिनरोध, दीर्घकालीन दाह व मंदावलेली भूक यांची त्यात भर पडते. निदानात आता स्नायूंच्या वस्तुमानाआधी त्यांची ताकद पाहतात. आशियाई गटाच्या २०१९ च्या निकषांत हाताची पकड पुरुषांत २८ व स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी असणे हे दुर्बलतेचे लक्षण मानले आहे. वृक्काचे काम ज्याच्या रक्तातील पातळीवरून जोखतात ते क्रिएटिनीन स्नायूंतूनच तयार होत असल्याने कृश वृद्धात ते कमी भरते आणि वृक्क आहे त्याहून बरे भासते. अशा वेळी स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली सिस्टॅटिन-सी ही रक्तचाचणी अधिक विश्वसनीय ठरते.

निरोगी वृद्धांसाठी १.० ते १.२ ग्रॅम सुचवणाऱ्या २०१३ च्या तज्ज्ञगटाने, गाळणदर मिनिटाला ३० मिलिलिटरहून कमी असूनही अपोहन न घेणाऱ्यांना त्यातून वगळले. अमेरिकी शिफारशींत (२०२०) मधुमेह नसलेल्या स्थिर रुग्णांस ०.५५–०.६० ग्रॅम आहे. आंतरराष्ट्रीय शिफारशींत (२०२४) ०.८ ग्रॅम असून १.३ च्या वर जाणे टाळण्यास सांगितले आहे. दुर्बल वा सार्कोपेनियाग्रस्त वृद्धांत प्रथिने व ऊर्जा दोन्ही वाढवण्याचा विचार करावा, असे याच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत म्हटले असले तरी आकडा दिलेला नाही. वजन उतरत असलेल्या वृद्धाबाबत हीच भूमिका अधिक सुरक्षित दिसते. अपोहन सुरू झाल्यावर हिशेब उलटतो: द्रवाबरोबर ॲमिनो आम्ले वाहून जातात, म्हणून १.० ते १.२ ग्रॅम लागतात. ६० किलोच्या व्यक्तीस ०.८ प्रमाणे ४८ ग्रॅम, तर १.२ प्रमाणे ७२ ग्रॅम होतात.

भारतीय आहारात प्रथिनांचा मोठा वाटा पोळी, भाकरी व भाताचा असतो. त्यामुळे प्रथिने मोजून ठरवण्याऐवजी केवळ ‘डाळ बंद’ केल्यास ती गरजेपेक्षाही खाली जाऊ शकतात. डाळी-कडधान्यांतील फॉस्फरस मांसातील फॉस्फरसापेक्षा कमी शोषला जातो. पोटॅशियम वाढलेले असल्यास त्या भिजवून, शिजवून पाणी काढून टाकतात.