काळजी, निर्णय आणि मेंदूतला ब्रेक

अकरावीच्या ॲडमिशनचा सीझन आला की आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत दुसरा विषयच नसतो. परवा खाली बाकावर एक काकू मोबाईलवर लेकाचा पसंतीक्रम भरत बसल्या होत्या, पहिलं कॉलेज, दुसरं कॉलेज, पार दहापर्यंत, आणि लेक शेजारी उभा राहून बॉल आपटत होता. तुला काय हवंय रे विचारलं तर म्हणाला, आईला विचारा. काकू म्हणाल्या, त्याला टेन्शन फार येतं हो, ठरवताच येत नाही, स्वभावच आहे तसा.

"स्वभावच आहे" हे मला अजिबात पटत नाही.

१९६७ मध्ये अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. काहीही केलं तरी शॉक थांबत नाही असा अनुभव ज्यांना आला, त्यातले बरेच कुत्रे पुढे सुटायची वाट असूनही पडून राहिले. निष्कर्ष निघाला की प्राणी हतबलता शिकतात. हीच गोष्ट पुढे सगळ्या पुस्तकांत गेली. पण मायर थांबले नाहीत, मेंदूविज्ञानाकडे वळले आणि २०१६ मध्ये या दोघांनीच लिहिलं की आपण उलटं समजत होतो! हातपाय गाळणं हा दीर्घ त्रासाला मेंदूचा मूळचा प्रतिसाद आहे, ते शिकावं लागत नाही. शिकावं लागतं ते "माझ्या करण्याने फरक पडतो" हे.

आता यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. दोन उंदीर, दोघांच्या शेपटीला सारखाच शॉक, एकाच वेळी सुरू, एकाच वेळी बंद. फरक इतकाच की पहिल्याने समोरचं चाक फिरवलं की दोघांचा शॉक थांबतो, दुसऱ्याचं चाक नुसतंच फिरतं. त्रास तंतोतंत तेवढाच, तरी दुसऱ्या दिवशी पहिला ठणठणीत आणि दुसरा घाबरलेला, गप्प. कारण मेंदूच्या खोडात डॉर्सल राफे न्यूक्लियस नावाचा पेशींचा पुंजका आहे, मोठा त्रास झाला की तो सेरोटोनिन नावाचं रसायन सोडत सुटतो आणि त्यातूनच ती भीती आणि ते गोठून जाणं येतं. चाक चालतंय हे कळलं की कपाळामागचा भाग, मीडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, या पुंजक्यावर ब्रेक लावतो. २००५ मध्ये मायर यांच्या गटाने हाच भाग औषधाने तात्पुरता बंद केला, तर उंदराने चाक फिरवून शॉक थांबवला तरी नंतर तो हतबल उंदरासारखाच वागला, म्हणजे नुसती सुटका पुरत नाही, ती आपण केली याची नोंद त्या भागात व्हावी लागते. आणि ज्याला आधी एकदा असा ताबा मिळालाय तो पुढे खरोखर हातात नसलेला त्रासही बराच झेलतो.

उंदरावरून थेट माणसावर उडी मारू नये हे मान्य. पण आईने भरलेल्या फॉर्ममध्ये मुलाचं चाक कुठेच जोडलेलं नसतं, हे मला दिसतं. त्यात हल्ली बोटांचे ठसे घेऊन मुलाचं करिअर सांगणाऱ्या टेस्ट आल्यात, हजारो रुपये घेतात, रिपोर्ट मस्त रंगीत देतात आणि शास्त्रीय आधार शून्य. पत्रिका बघण्याचाच हा प्रकार, फक्त मशीन लावून. आणि निर्णय परत तिसऱ्याच्याच हातात.

काळजीचंही हेच आहे. थॉमस बोर्कोवेक या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की काळजी बहुतेक शब्दांत चालते, असं झालं तर, तसं झालं तर, आणि त्या बडबडीत मूळ भीतीचं चित्र डोळ्यांसमोर नीट येतच नाही, थोडं बरं वाटतं, म्हणून सवय लागते. २०२० च्या एका अमेरिकन अभ्यासात सतत काळजीचा आजार असलेल्या लोकांनी आपल्या काळज्या लिहून ठेवल्या आणि नंतर ताडून पाहिल्या, तर सरासरी ९१ टक्के खऱ्या झाल्याच नाहीत. पण ताडून बघायला आधी स्वतः काहीतरी ठरवायला लागतं ना.

म्हणून सुरुवात छोट्या गोष्टींनी करावी, ज्यांचा निकाल आठवड्याभरात दिसतो. क्लास कुठला, जायचं ट्रेनने की टीएमटीच्या बसने, महिन्याचे पैसे कसे पुरवायचे. चुकलं तर लगेच धावून जाऊ नये, दुरुस्ती त्यालाच करू द्यावी. काळजीने झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल आणि महिनोन्महिने तसंच चाललं असेल तर मात्र हे घरगुती उपाय पुरत नाहीत, सरळ डॉक्टरांकडे जावं, किंवा सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनवर १४४१६ ला फोन करावा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.