भातशेती आणि पावसाचा लहरीपणा (कोकण)

कोकणात वर्षाला साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही तिथले भात एखाद्या वर्षी पाण्यावाचून करपते आणि एखाद्या वर्षी पाण्यात कुजते. पाऊस किती पडला यापेक्षा तो कोणत्या आठवड्यात पडला, यावर पीक ठरते. मोसमी पाऊस मुंबईत २०२३ साली २५ जूनला पोहोचला, तर २०२५ साली २६ मेला.

हंगामाचे जुने गणित नक्षत्रांवर बसवलेले आहे. रोहिणीत भाजलेल्या राबावर, म्हणजे रोपे तयार करण्याच्या जागेवर, धूळवाफेने (कोरड्या मातीत) बी पेरायचे, ते मृगाच्या सरींवर उगवते, आणि तीन-साडेतीन आठवड्यांचा तरवा (भाताची रोपे) खाचरात चिखलणी करून लावायचा. मेमध्येच पाऊस लागला की राब भाजायचे राहतात, जमिनीला वाफसा (पेरणीजोगी ओल) येत नाही, पेरलेले बी कुजते. मग मोड आणलेले बी चिखलावर फेकून रहू करावा लागतो. पाऊस लांबला तर तरवा राबातच चाळीस दिवसांचा होतो. असे जून रोप लावल्यावर फुटवे कमी धरते. शेतकरी एका चुडात, म्हणजे एका जागी लावायच्या जुडीत, दोनाऐवजी चार-पाच रोपे लावतो, पण गेलेले दिवस त्याने भरून निघत नाहीत.

लावणीनंतरची लांब उघडीप वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या, जमिनीला आधी जाणवते. ढगाळ, दमट हवेत करपा रोग बळावतो. सर्वांत नाजूक काळ फुलोऱ्याचा. भाताचे फूल दिवसा जेमतेम तास-दोन तास उघडते. तेव्हा पारा ३५ अंशांच्या वर गेला किंवा मुसळधार सर आली, तर दाणा भरत नाही. भरलेली लोंबी वाकते, पळंज (पोकळ) लोंबी ताठ उभी राहते. तिचा दाणा चिमटीत दाबला तर हाती नुसते टरफल लागते.

कापणीच्या वेळचा पाऊस मात्र अधिक क्रूर म्हणावा लागेल, कारण तेव्हा मेहनत आणि खर्च पूर्ण झालेला असतो. कापलेले भात दोन-तीन दिवस खाचरातच वाळत घालतात. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस ‘क्यार’ चक्रीवादळाच्या पावसात असे पसरलेले भात भिजले. भिजलेल्या दाण्यांना कोंब फुटतात, पेंढा काळा पडतो, म्हणजे घरच्या तांदळाबरोबर गुरांची वैरणही जाते.

हळवे (लवकर पिकणारे), निमगरवे (मध्यम) आणि गरवे (उशिरा पिकणारे) भात वेगवेगळ्या खाचरांत लावणे हा धोका वाटून घेण्याचा जुना उपाय. परतीचा पाऊस रेंगाळतो तेव्हा लवकर पिकणारे हळवेच त्यात सापडते. खाडीकाठच्या खार जमिनीत पावसाने मीठ धुऊन जावे लागते. तिथे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचे क्षारसहनशील वाण लावतात. कर्जत तालुक्यात विकसित झालेल्या सगुणा राइस तंत्रात गादीवाफ्यांवर थेट बी टोकतात. त्यामुळे तरवा जून होण्याचा प्रश्न उरत नाही, मात्र तण वेळेवर आवरावे लागते.