अनुस्पंदी बहुफोटॉन आयनीभवन (रेम्पी)

हवेतील वा धुरातील ॲरोमॅटिक (बेंझीनसारखे वलय असलेली) संयुगे पीपीबी (अब्जात एक भाग) पातळीवर, नमुना साठवून न ठेवता, लेसरने ओळखण्याची पद्धत.

रेणू एक जंबुपार फोटॉन शोषून उत्तेजित होतो आणि तेवढ्यात दुसरा फोटॉन मिळाला की त्याचा इलेक्ट्रॉन निसटतो. कोणता रेणू टिपायचा याची निवड होते ती पहिल्या पायरीवर, कारण फोटॉनची ऊर्जा त्याच्या उत्तेजित अवस्थेशी जुळावी लागते. निओडिमियम-याग लेसरच्या २६६ नॅनोमीटर किरणांत फोटॉनची ऊर्जा ४.६६ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, दोघांची मिळून ९.३२. इलेक्ट्रॉन निसटायला टोल्यूइनला ८.८३ आणि नॅप्थालीनला ८.१४ लागतात. ऑक्सिजनला १२.०७, नायट्रोजनला १५.५८ लागत असल्याने हवा पार्श्वभूमीत गप्प राहते. बेंझीनला ९.२४ पुरतात, पण २६६ला त्याचे शोषण फार क्षीण असते; त्यासाठी जुळवता येणारा लेसर २५९ नॅनोमीटरजवळ आणावा लागतो. भारतीय मानकात (२००९) बेंझीनची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण १.६ पीपीबी आहे. तेवढे मोजायचे तर ही जुळवणी टाळता येत नाही.

तयार झालेले आयन उड्डाणकाल द्रव्यमानमापकात जातात; नळी पार करायला लागलेल्या वेळेवरून तो आयनाचे वस्तुमान ठरवतो. २ किलोव्होल्टने ढकललेला बेंझीनचा आयन (रेणुभार ७८) १ मीटरची नळी सुमारे १४.२ मायक्रोसेकंदांत पार करतो, टोल्यूइनचा (९२) १५.४ मध्ये. झायलिनचे तिन्ही समघटक (अणू तेच, मांडणी वेगळी) आणि एथिलबेंझीन मात्र सगळेच १०६चे. त्यांना वेगळे करायचे तर वायू सूक्ष्म छिद्रातून निर्वातात फवारून थंड करतात. वर्णरेषा अरुंद होतात आणि तरंगलांबीवरून समघटक ओळखता येतो.

प्रत्यक्षात घोळ बहुतेकदा लेसरपाशी नव्हे, नमुन्याच्या नळीत होतो. नळी कुठेही थंड राहिली की नॅप्थालीन तिथे चिकटते आणि स्वच्छ हवा सोडली तरी संकेत रेंगाळतो. म्हणून पूर्ण नळी, जोडण्यांसकट, तापलेली ठेवतात. लेसरची ऊर्जा वाढवून संकेत मोठा करण्याचा मोहही महागात पडतो: रेणू फुटतात, आणि तुकड्यांची शिखरे दुसऱ्याच संयुगाची वाटतात. शिवाय प्रत्येक संयुगाची संवेदनशीलता निराळी, त्यामुळे टोल्यूइनच्या प्रमाणित वायूवर केलेले अंशांकन (संकेतावरून प्रमाण काढण्याचे कोष्टक) फिनॉलला लावता येत नाही.

कॉफी भाजताना निघणारे फिनॉल (९४), ग्वायकॉल (१२४) आणि ४-व्हिनाइलग्वायकॉल (१५०) या पद्धतीने भाजणी चालू असतानाच टिपले गेले आहेत. कचराभट्टीच्या धुरातील डायॉक्सिनांना (क्लोरीनयुक्त विषारी संयुगांना) ती थेट फारशी उपयोगी नाही. क्लोरीनचे अणू वाढले की उत्तेजित अवस्था दुसऱ्या फोटॉनची वाट पाहण्याइतकी टिकत नाही. म्हणून तिथे एकच क्लोरीन असलेले मोनोक्लोरोबेंझीन मोजून डायॉक्सिनांचा अंदाज बांधतात.