किनारी पर्यटनाची वहनक्षमता

वाळू, पाणी, जीवसृष्टी आणि स्थानिकांचे जगणे कायमचे न बिघडता समुद्रकिनारा एका वेळी जितके पर्यटक पेलू शकतो, ती त्याची पर्यटन वहनक्षमता. हा आकडा वाळूवर किती माणसे मावतात यावरून काढण्याची चूक सर्रास होते. खरी मर्यादा बहुधा गोडे पाणी आणि सांडपाणी हीच ठरवतात.

किनाऱ्यालगत गोडे भूजल जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. घायबेन-हर्झबर्ग संबंधानुसार भूजलाची पातळी १ मीटरने खाली गेली, तर खाऱ्या पाण्याची सीमा सुमारे ४० मीटर वर सरकू शकते. हॉटेलांचे पंप अखंड चालू राहिले की शेजारच्या विहिरी मचूळ होतात, आणि एकदा खारावलेली विहीर पूर्ववत व्हायला वर्षे लागतात. वाळूच्या टेकड्यांचेही तसेच. मर्यादवेलीसारख्या वनस्पती ही वाळू धरून ठेवतात. बांधकामासाठी त्या उपटल्या, की वादळात मागच्या वस्तीला आडोसा उरत नाही.

फिलिपाइन्समधील बोराकाय हे जेमतेम १० चौरस किलोमीटरचे बेट. २०१७ मध्ये तेथे २० लाखांवर पर्यटक आले. पावसाळी गटारांच्या नळांतून सांडपाणी थेट समुद्रात जात होते. अखेर २६ एप्रिल २०१८ पासून सरकारने बेट सहा महिने पर्यटकांसाठी बंद ठेवले. पाण्याच्या रेषेलगतची बांधकामे पाडली गेली, मलवाहिन्यांची कामे हाती घेतली गेली आणि एका वेळी १९,२१५ पर्यटकांची मर्यादा ठरली. उपाय गरजेचा होता, पण हजारो कामगारांची रोजी बुडाली. सांडपाण्याची सोय आधी आणि खोल्यांचे परवाने नंतर, हा साधा क्रम पाळला असता तर ही वेळ आली नसती.

थायलंडमधील एका बेटावरच्या माया बे या उपसागरात जून २०१८ मध्ये पर्यटकांना बंदी आली. जानेवारी २०२२ मध्ये उपसागर पुन्हा खुला झाला तो नव्या नियमांसह. पूर्वी बोटी थेट आत शिरत, त्यांच्या नांगरांनी प्रवाळ मोडत. आता बोटी बेटाच्या मागच्या बाजूला थांबतात. बंदीच्या काळात काळ्या टोकांच्या परांचे शार्क उथळ पाण्यात परतले. पर्यटकसंख्येवर मर्यादा आहेच, पण माझ्या मते बोटींचा धक्का हलवणे हा अधिक टिकाऊ बदल आहे. तो रोजच्या मोजणीवर अवलंबून नाही.

भारतात किनाऱ्यावरील बांधकामांचे नियमन १९९१ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेपासून सुरू झाले. २०११ आणि २०१९ मध्ये नव्या अधिसूचना निघाल्या. भरतीरेषेपासूनचे अंतर हा त्यांचा मुख्य आधार आहे.