माळवदावरची माती

भूगोलाची उजळणी करताना मुलं लोकसंख्या, नैसर्गिक आपत्ती आणि मानवी वस्ती हे तीन धडे तीन वेगळ्या दिवशी वाचतात. पहिल्यात घनतेची व्याख्या, दुसऱ्यात भूकंपाची कारणं, तिसऱ्यात केंद्रित, विखुरलेली आणि रेषाकृती वस्ती. माझं आग्रहाचं सांगणं आहे की हे तिन्ही धडे एका बैठकीत, एकच गाव समोर ठेवून वाचा. गाव मी सुचवतो: किल्लारी, तालुका औसा, जिल्हा लातूर.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागात तेरणा नदीच्या आसपासची गावं जमीनदोस्त झाली. सुमारे 10 हजार माणसं गेली.

आता दुसरी पहाट. 11 डिसेंबर 1967, 4 वाजून 21 मिनिटं, कोयनानगर. तीव्रता 6.5 च्या आसपास, म्हणजे किल्लारीपेक्षा कमी नक्कीच नाही. वेळही तीच, साखरझोपेची. मृत्यू सुमारे 180. जमीन दोन्हीकडे हलली, घरं दोन्हीकडे पडली. मग हा फरक कुठून आला? एकच कारण पुरणार नाही, पण शोधाची सुरुवात आपत्तीच्या धड्यात न करता पावसाच्या नकाशात करू.

कोयनानगरला वर्षाला सुमारे 5000 मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे सपाट मातीचं छप्पर एक पावसाळाही टिकणार नाही, म्हणून घरं उतरत्या छपराची, कौलारू. डोंगरउतारावर सपाट जागा थोडी, झरे जागोजागी, म्हणून वस्तीही वाड्यावाड्यांत विखुरलेली. लातूरकडे पाऊस 800 मिलिमीटरच्या आसपास आणि उन्हाळा भाजून काढणारा. तिथे माळवद हाच शहाणपणाचा उपाय होता. लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारी घर गार, रात्री वर झोपायला अंगण, सुगीत धान्य वाळवायला जागा. पावसाळ्याआधी गळती थांबवायला वर नवी माती टाकायची. हे वर्षानुवर्षं, पिढ्यान्‌पिढ्या. थर दीड-दोन फुटांवर जायचा.

इथे वही काढून एक गणित कराच. खोली 12 चौरस मीटर, मातीचा थर 45 सेंटिमीटर. घनफळ 5.4 घनमीटर. एक घनमीटर दाबलेली माती साधारण 1.6 टन भरते. म्हणजे झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर साडेआठ टनांहून जास्त ओझं, आणि त्यात लाकूड धरलेलंच नाही. जमीन हलते तेव्हा वस्तुमान जितकं जास्त तितकं घराला बसणारं हिसक्याचं बळ जास्त. हलकं छप्पर झुलून सावरू शकतं. साडेआठ टनांचं छप्पर भिंतीला ढकलत सुटतं.

आणि भिंत? बाहेरून पाहिली तर किल्ल्यासारखी, दोन-तीन फूट जाड, काळ्या दगडाची. पण बहुतेक भिंती आतून दुहेरी होत्या: बाहेरचा एक थर, आतला एक थर, मध्ये चिखल आणि दगडांचे तुकडे. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड क्वचितच घातलेले. हिसका बसल्यावर थर एकमेकांपासून सुटले, एक आत आणि एक बाहेर कोसळला. जिथे छपराचा भार लाकडी खांबांवर होता, अशा काही घरांत भिंती ढासळूनही खांब आणि माळवद उभं राहिलं. या उदाहरणापाशी मी दर वेळी थांबतो. जुनी पद्धत सरसकट वाईट नव्हती, लाकडी सांगाड्याने माणसं वाचवलीही.

भूकंप तिथे का झाला, हे थोडक्यात. भारतीय भूपट्ट दरवर्षी सुमारे 5 सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि आशियाला भिडून अडतो. तो ताण पट्टाच्या पोटातल्या जुन्या कमकुवत जागांवरही साठतो. बेसाल्टच्या थरांखालची तशी एक जागा सुटली. त्या वेळच्या भूकंपधोक्याच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 2002 मध्ये तो सर्वांत खालचा पट्टाच नकाशातून काढून टाकण्यात आला.

उरला लोकसंख्येचा धडा. 2011 च्या जनगणनेत लातूर जिल्ह्याची घनता दर चौरस किलोमीटरला 343, राज्याची 365. आकडा पाहून दाटी जाणवत नाही. पण ही सरासरी शेतजमीन धरून काढलेली असते. समजा, एका गावाचं क्षेत्र 1500 हेक्टर आणि लोक 5000. घनता येते 333. यातलं गावठाण 20 हेक्टर धरा. राखणीला गेलेले चार जण सोडले तर रात्री सगळे तिथेच. पहाटे चारची घनता: 25 हजार. काळीत पीक आणि पांढरीत माणसं, ही आपल्या गावांची जुनी वाटणी. पाण्याची सोय आणि चोरादरोड्यांपासून राखण यासाठी घरं एकमेकांना खेटून, मधून अरुंद बोळ. दोन्ही बाजूंच्या भिंती बोळात पडल्या की घराबाहेर आलेल्यालाही वाट राहत नाही.

नंतर 52 गावं नव्या जागी वसवली गेली. रुंद सरळ रस्ते, चौकोनी आखणी, सुटी सुटी घरं. भूकंपापासून सुरक्षित, यात शंका नाही आणि ते मोलाचं आहे. पण शेजार तुटला, गप्पांचा पार गेला, कुठे शेत लांब पडलं. कुटुंबं वाढली तशी अनेकांनी घराला पत्र्याची शेड जोडली. वस्तीचा आकार म्हणजे माणसांच्या सवयीही असतात, हे आकृतीत दिसत नाही म्हणून मुद्दाम लिहितो.

आता हीच पद्धत स्वतः वापरून बघा. 30 जुलै 2014, सकाळ, आंबेगाव तालुक्यातलं माळीण. दरड कोसळली, दीडशेहून जास्त माणसं गेली. इथे छपराचं वजन काढून काही हाती लागणार नाही, कारण डोंगरच अंगावर आला तेव्हा कौल काय आणि काँक्रीट काय. नकाशात गावाची जागा शोधा. वरच्या उताराचा कोन बघा, पाणी कुठून वाहतं ते बघा, त्या दिवसांतला पाऊस बघा. मग विचारा: सकाळच्या त्या वेळी गावातली माणसं कुठे होती?