टन वाढले, रुंदी तीच: मालवाहू गाड्यांवरच्या कमाल मर्यादेची पार्श्वभूमी

दिवाळी सरली की वणी, पांढरकवडा, हिंगणघाटच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्या लागतात आणि दरवर्षीचा प्रश्न निघतो: मर्यादा तर सरकारने २०१८ मध्येच वाढवली, मग चालान कशाचं?

वाढली ती वजनाची. जुलै २०१८ मध्ये चार टायरच्या एका ॲक्सलवरचा (चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्यावरचा) भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेला. त्यामुळे दोन ॲक्सलच्या ट्रकचं एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन झालं, तीन ॲक्सलचं २५ वरून २८.५ टन. जुन्या पासिंगच्या, म्हणजे आधीच्या मर्यादेने नोंदलेल्या, ट्रकांना हे लागू की नाही, यावर पुढे बराच घोळ चालला. वाढीचं कारण सांगितलं गेलं की तसेही सगळे जादा माल भरतातच. हे अर्धं खरं होतं. काही राज्यांत तर महिन्याचे ठरावीक पैसे भरले की जादा मालाला मुभा देणारी कार्डंच निघत. ती पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये बंद पाडली.

रस्त्याचा हिशेब मात्र वेगळा. ॲक्सलवरचा भार वाढला की रस्त्याची झीज साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर झीज सोळा पट. १०.२ चे ११.५ म्हणजे जवळपास ६० टक्के जास्त. कोळशाच्या ट्रकांनी फुटलेल्या वणी-चंद्रपूर भागातल्या रस्त्यांवर हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता कापूस. सुटा कापूस कधी वजनाच्या मर्यादेपर्यंत पोचतच नाही. मेटॅडोरला बांबू लावून, वर जाळी ताणून, माणसांनी तुडवून भरला तरी काट्यावर गाडी पासिंगच्या आत येते. पोट मात्र दोन्ही बाजूंनी बाहेर. त्यामुळे २०१८ च्या वाढीतून शेतकऱ्याच्या हाती काही लागलं नाही. तोच कापूस सरकी काढणाऱ्या जिनिंगमधून १७० किलोच्या दाबलेल्या गाठी होऊन निघाला की वजनाला भिडतो. फायदा झाला तो तिथून पुढे.

बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, काळीही मर्यादा होत्याच. ओझी ओढणाऱ्या जनावरांचा छळ रोखणारे १९६५ चे नियम लहान बैलामागे हवेच्या टायरच्या गाडीला ७५० किलो, बिनटायरच्या गाडीला ५०० किलो ठरवतात, जोडीला दुप्पट. पारा ३७ अंशांच्या वर गेला तर दुपारी १२ ते ३ बैल जुंपायचा नाही, हेही त्यातच आहे. एप्रिल-मे महिन्यात विदर्भातला कुठला धुरकरी हे पाळू शकतो, ते नियम करणाऱ्यांनाच ठाऊक.

खरा फटका मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीचा. गाडीची रुंदी २.६ मीटरच राहिली. मागे निघणाऱ्या सळ्यांवर २०१४ मध्येच बंदी आली होती. १ सप्टेंबर २०१९ पासून माल बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तर २०,००० रुपये दंड, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च. जादा वजनाचा दंडही २,००० वरून तितकाच झाला, वर प्रत्येक टनाला २,००० रुपये. म्हणजे टनावारी कोळसा आणि जाळीतून फुगलेला कापूस एकाच रकमेपासून मोजायला लागले. रात्री समोरून येणाऱ्या दुचाकीला ते फुगलेलं पोट दिसत नाही, हेही खरंच.

विशिष्ट मालासाठी सूट देण्याची तरतूद बाहेर निघालेल्या मालाच्या दंडाच्या याच कलमात आहे. कारखान्यांची अवजड यंत्रं अशी परवानगी काढून जातात. पंधरा-वीस किलोमीटरवरच्या बाजारात कापूस न्यायला ती काढायला कुणी जात नाही.